चारही चाकं

छोटी एसयूव्ही घ्यायचीय, तर ऑल-व्हील ड्राइव्हची घेऊ की साधी, एवढंच विचारलंस ना? सूनबाई, तूही बस. गॅरेजचं शटर ओढलंय, आता कोणी येत नाही. हे ऐका आणि मग तुमचं तुम्ही ठरवा. मी सल्ले द्यायचं सोडलंय.

आमचे एक गणिताचे मास्तर. माझ्याच वयाचे, पण सगळे मास्तर म्हणायचे म्हणून मीही. त्यांची बायको नर्स. तळ्याच्या वरच्या अंगाला वस्ती आहे, तिथली बाळंतपणं, लसी, सगळं तीच बघायची. रस्ता म्हणजे नुसता चिकणमातीचा चढ, खाली पाणी. गाडी घ्यायची ठरली तेव्हा ती म्हणाली, "अहो, चारही चाकांना ताकद असलेली घेऊ." मास्तरांनी वहीत गणित मांडलं. वर्षात चिखलाचे दिवस किती, मायलेज किती पडणार... मग मला विचारलं. मी म्हटलं, "पुढची दोन ओढतात तेवढं पुरे, मास्तर. टायर चांगले घाला." चुकीचं नव्हतं ते. आजही कोणी जाणकार तुला हेच सांगेल.

जूनमध्ये ती वस्तीवर निघाली होती, तेव्हा त्या चढावर गाडी मागे घसरली. थेट तळ्यात. दुसऱ्या दिवशी गाडी निघाली. ती नाही.

तीन महिन्यांनी मास्तरांनी तेच मॉडेल घेतलं. ऑल-व्हीलचं. "आता कशाला?" अगदी जिभेवर आलं होतं माझ्या. गिळलं.

सोळा नोव्हेंबर, रविवार. बायकोची लशीची रिकामी पेटी घरी राहिली होती, ती वरच्या दवाखान्यात पोचवायची, एवढंच काम. पेपर तपासून निघेपर्यंत अंधार पडला. आठ वाजून दहा मिनिटांनी ते चढाला लागले. पुढचं त्यांनी मला सांगितलं तसंच सांगतो.

माती कोरडी होती. गाडी मजेत चढत होती. वळणावर ती जड झाली. चाकं घसरत नव्हती. नुसती जड. मागे काहीतरी लटकल्यासारखी. मास्तरांनी आरशात बघितलं. मागच्या दिव्यांच्या लाल उजेडात रस्ता... आणि त्याच्या खाली पाणी.

काचा बंद होत्या. तरी आवाज आला. स्वयंपाकघरातून यावा तसा.

"अहो... आता चारही चालतात ना?"

मास्तर म्हणाले, "हो."

"मग ओढा ना मला."

त्यांनी पाय दाबला. चारही चाकं माती खायला लागली. गाडी हलली. एक वीत. अजून एक. खाली पाण्यात खळबळ... "येतेस, येतेस," मास्तर म्हणत राहिले. रडत होते की हसत होते, त्यांनाच ठाऊक नाही. जळका वास आला. मग समोर पिवळा दिवा लागला.

कसला दिवा तो, माहितीये? या छोट्या गाड्यांत मागच्या चाकांना ताकद पोचवणारा भाग फार तापला, की गाडी स्वतःच तो बंद करते. जळू नये म्हणून.

मागची सुटली.

उरली दोन.

गाडी मागे सरकायला लागली. पाण्याकडे. मास्तरांनी पाय काढला नाही. हात जोडले, शिव्या दिल्या... दिवा तसाच.

"राहू द्या," ती म्हणाली.

...

आणि ओझं गेलं. गाडी उडी मारून वर गेली.

साडेनऊला ते इथं आले. इंजिन चालूच, दार उघडलं नाही. काच थोडी खाली करून म्हणाले, "दोन मिनिटं. अजून दोन मिनिटं चाललं असतं, तर आली असती का रे ती वर?"



मग म्हणाले, "मागे जाऊन बघ. मी उतरलो नाही."

टॉर्च घेऊन गेलो. गाडी ओढायच्या मागच्या कडीला सीटबेल्टचा तुकडा बांधलेला होता. राखाडी. ओलाचिंब. गाठ इतकी आवळलेली, की करवतीनं कापावी लागली.

नव्या गाडीचे पाचही पट्टे जागेवर होते. मी मोजले.