दत्तोबांची धून

हिमायतनगरात चष्म्याच्या एका दुकानाच्या वर रसायनशास्त्राचे शिकवणीवर्ग चालतात. रविवारी सकाळी ती खोली रिकामी असते, आणि साडेदहापासून एकपर्यंत आम्ही पाचसहाजण तिथे स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या धुना वाजवतो. फळ्यावर शनिवारची समीकरणं तशीच असतात. बाकं भिंतीला सरकवायची, खुर्च्यांचं वर्तुळ करायचं आणि वाजवू लागायचं. श्रोते कुणी नसतात.

हे सारं सुरू केलं योगिनीताईंनी. त्या मूळच्या पुण्याच्या. कंपनीने तीन वर्षं ग्लासगोला पाठवलं होतं. तिथून त्या एक व्हायोलिन आणि एक शिस्त घेऊन परतल्या. धून कागदावरून शिकायची नाही, कानाने घ्यायची. जो ती सुरू करील त्याने आधी सांगायचं, ती आपल्याला कुणाकडून मिळाली. ज्याला येते तो सामील होतो, ज्याला येत नाही तो ऐकतो, आणि तिसऱ्या फेरीपर्यंत बहुधा सगळ्यांचेच हात हलू लागतात. "नाव न घेता वाजवलेली धून म्हणजे उचललेली वस्तू," असं योगिनीताई म्हणत.

चार वर्षांत मी एकदाही धून सुरू केली नव्हती. दुसऱ्यांच्या धुनांत शिरून वाजवण्यात मला एक सुरक्षित सुख होतं. गर्दीत मिसळलेल्या माणसाला असतं तसं. पण फेब्रुवारीत, मलकपेठेतल्या आमच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभा असताना एक धून माझ्या बोटांत आली. दोन भागांची, चपळ, आणि शेवटाकडे अकारण उदास होणारी. ती संपूर्ण माझी होती. माझी इच्छा एवढीच होती, की कुठल्यातरी दूरच्या गावात कुणीतरी ती वाजवावी आणि वाजवण्याआधी माझं नाव घ्यावं. ही इच्छा इतकी मोठी होती, की मला तिची लाज वाटे.

मार्चच्या पहिल्या रविवारी रितेशने मला गाठलं. तो गिटार वाजवतो आणि कुणालाही सोडत नाही.

"आज तू शुरू कर रे गौतम. कायको घाबरतो? खाऊन टाकतो का आम्ही तुला?"

मी गज उचलला.

"कुणाकडून?" योगिनीताईंनी विचारलं.

'माझीच' हा एक शब्द होता. तेवढाच म्हणायचा होता. सगळे माझ्याकडे पाहत होते.

"दत्तोबांकडून," मी म्हणालो. "गौलीगुड्यात राहायचे. लग्नाच्या बँडात व्हायोलिन वाजवायचे."

असा कुणीही माणूस नव्हता. नाव तोंडात आलं तसं मी बोललो, आणि वाजवू लागलो.

त्यानंतरची दहा मिनिटं मी कधीच विसरणार नाही. दुसऱ्या फेरीला योगिनीताई आल्या, तिसऱ्या फेरीला सगळेच. फरशीवर पायांचा ठेका पडू लागला, खिडकीची काच थरथरली, आणि माझ्या गच्चीवरची ती एकटी धून सहा माणसांच्या हातांत धावत सुटली. थांबलो तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटला होता.

"महिनाअखेरीस मोराग येतेय," योगिनीताई धापा टाकत म्हणाल्या. "ग्लासगोतली माझी शिक्षिका. ती प्रत्येक गावातून एक धून घेऊन जाते आणि देणाऱ्याचं नाव घेऊन तिच्या मूळच्या बेटावर वाजवते. आपण तिला हीच देऊ. दत्तोबांच्या नावाने."

पुढच्या रविवारी खरं सांगायचं, असं मी जिना उतरतानाच ठरवलं.

पुढच्या रविवारी रितेश माझ्याआधी बोलला.

"आमच्या आईचं माहेर गौलीगुड्याचंच. तिला विचारलो मी. तुझे दत्तोबा तिच्या लग्नात वाजवले म्हणे. डावखुरे होते ना?"

मी नुसती मान हलवली. आधीच्या रविवारी घरी परतताना बसमध्ये मी स्वतःशी दत्तोबांचं चित्र रंगवलं होतं: उंच, काळी टोपी, आणि गज डाव्या हातात. हे मी कुणाजवळही बोललो नव्हतो. जुन्या शहरात डावखुरा वादक एखादा असेलही, अशी मी समजूत घातली आणि खरं सांगायचं राहून गेलं.

तिसऱ्या रविवारी योगिनीताईंनी ती धून स्वतः सुरू केली. पहिला भाग झाला, दुसरा झाला, आणि त्या थांबल्या नाहीत. त्यांचा गज वरच्या तारेवर गेला आणि एक तिसरा भाग उलगडला.

मी व्हायोलिन खाली ठेवलं. त्या धुनेला तिसरा भाग हवा, हे मला फेब्रुवारीपासून जाणवत होतं. रोज सकाळी मी तो शोधत होतो. तो असा होता. अगदी असाच असायला हवा होता.

"ताई, हा भाग कुठून आणलात?"

"कुठून म्हणजे? तूच नाही का वाजवलास?"

"मी दोनच भाग वाजवले."

"थांब, ऐकवतो मी," म्हणत रितेशने फोन काढला. पहिल्या रविवारचं ध्वनिमुद्रण त्याने ठेवलं होतं. त्यात तीन भाग होते. वाजवणारा मी होतो. वरच्या तारेवर गज किंचित घसरण्याची माझी खोड त्यात स्वच्छ ऐकू येत होती. आणि पहिल्याच फेरीत, ताई सामील होण्याआधी, माझ्या व्हायोलिनच्या मागे, अर्धं पाऊल उशिरा, आणखी एक व्हायोलिन होतं.

"पहिल्या फेरीत माझ्याबरोबर वाजवणारा हा दुसरा कोण?" मी विचारलं.

कुणालाच आठवेना.

मला भीती वाटायला हवी होती. पण खरं लिहायचं तर त्या आठवड्यात आनंदाने मला झोप लागली नाही. धून पूर्ण झाली होती. बोटं जेवतानाही ताटाच्या कडेवर तिचा तिसरा भाग वाजवत. फक्त एकच गोष्ट उरली होती: तिला माझं नाव मिळणं.

मोराग चौथ्या रविवारी आली. साठीची, कृश, पिकल्या केसांची वेणी घातलेली. ती सावकाश इंग्रजीत बोलत होती. तिच्या हाताशी व्हायोलिन होतं आणि मांडीवर कापडी बांधणीची जुनी वही. त्यात सुरावट कुठेच नव्हती. फक्त माणसं होती. नाव, गाव, आणि जन्म-मृत्यूची सालं. हयात माणसापुढे दुसऱ्या सालाची जागा कोरी.

"मला आधी काही सांगायचं आहे," मी उभा राहिलो. "दत्तोबा नावाचं कुणी नव्हतं. मी खोटं बोललो. धून माझी आहे. फेब्रुवारीत केली."

"अरे, पण आमची आई..." रितेश म्हणाला.

मोरागच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. "वाजव," ती म्हणाली.

मी वाजवलं.

ती तिसऱ्या फेरीला आली नाही. दुसऱ्या सुरालाच तिचं व्हायोलिन सामील झालं. तिसऱ्या भागात ती माझ्या पुढे होती.

धून संपली. पंखा फिरत होता.

"माझी मावशी साठच्या दशकात या शहरात इंग्रजी शिकवायची," मोराग म्हणाली. "गौलीगुड्यातल्या एका वरातीत तिने ही ऐकली."

"दत्तोबांकडून?" योगिनीताईंनी हळूच विचारलं.

"हो. पण ते म्हणायचे, ही माझी नाही. एका लाजाळू मुलाची आहे. तो गेला. त्याच्यामागे कुणीतरी वाजवायला हवी, म्हणून मी वाजवतो."

मग ती माझ्याकडे वळली.

"तुझं पूर्ण नाव?"

"गौतम प्रतापराव बिरादार."

तिने वही उघडली. लेखणी काढली नाही.

शाई तपकिरी झाली होती. मावशीच्या तिरप्या, बारीक अक्षरात दत्तोबांचं नाव होतं. त्याच्या खाली माझं. वडिलांच्या नावासकट, मलकपेठेसकट.

पहिल्यांदा मला आनंद झाला. इतका, की डोळे भरून आले. साठ वर्षं कुठल्याशा बेटावर माणसं माझं नाव घेऊन ही धून वाजवत होती.

नावापुढे दोन सालं होती. पहिलं, माझ्या जन्माचं, बरोबर होतं. दुसऱ्यावर मोरागचा अंगठा होता.

"पुन्हा एकदा वाजवू या," ती म्हणाली, आणि वही मिटेपर्यंत तिने अंगठा उचलला नाही.