वाकळीचा घास

सोलापूरच्या त्या लहानशा घरात कपाटांत, पलंगाखाली, माळ्यावर गोधड्याच गोधड्या होत्या. आलेल्या पाहुण्यालाही आधी एखादा गठ्ठा बाजूला सारून बसावं लागे. वैजयंताला त्याची लाज नव्हती. शाळेतली नोकरी संपल्यापासून ती सकाळचा चहा घ्यायच्याही आधी ऑनलाइन लिलाव उघडायची आणि आपल्या गावाकडची, मंगळवेढ्याची जुनी गोधडी दिसली रे दिसली की बोली लावायची. हौसेला मोल नाही, असं शेजारी म्हणत. पण ही हौस नव्हतीच. तिला आईची गोधडी हवी होती.

आई गेली तेव्हा वैजयंता नऊ वर्षांची होती. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, पहाटे सगळं संपलं. गाव म्हणालं, पटकी. आईचा एकही फोटो नव्हता. आत्याने आईच्या लुगड्यांची गोधडी शिवली, तर तीही आप्पांनी वर्षाच्या आत एका भांडीवालीला देऊन टाकली. पोरक्या पोरीची तेवढीच खूण, आणि बापाने ती भांड्यांवर घातली! हा राग वैजयंताने जन्मभर पोसला, आणि आता थकलेल्या त्याच बापाला ती स्वतःच्या हाताने भरवत होती.

"आनखी एक वाकळ?" दारात खोकं आलेलं पाहून आप्पा आतल्या खोलीतून म्हणाले. "आता मला माळ्यावर टाक आन् तिला पलंगावर निजव."

"तुम्ही दिली नसती, तर शोधावी लागली नसती."

आप्पांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. या वाक्यावर ते नेहमीच पाठ फिरवत.

पूर्वी असला शोध म्हणजे शुद्ध खुळेपणा ठरला असता. थरवाचक आला आणि चित्र पालटलं. पाटाएवढं हे यंत्र गोधडीवरून सावकाश फिरवायचं. एक टाकाही न उसवता ते आतला थर न् थर वेगळा दाखवी. कापड कुठलं, त्यात काय सांडलं, धाग्यांत मुरलेला घाम कुणाचा, सगळं सांगे. आपली लाळ एकदा नोंदवली, की तो माणूस आपल्या रक्ताचा आहे का, तेही कळे. परदेशी संग्राहक अशा वंशावळीच्या गोधड्यांसाठी जीव टाकत. आजची गोधडीही तिने अशाच एकाच्या तोंडातून अगदी शेवटच्या क्षणी ओढून घेतली होती.

तिने बाहेरच्या खोलीत गोधडी अंथरली आणि यंत्र फिरवलं. वरचा थर परका निघाला, नंतर कुणी तरी चढवलेला. दुसराही परका. तिसऱ्या थरावर, हिरव्या इरकली लुगड्यावर, अक्षरं उमटली: नातं, माता.

वैजयंताने यंत्र बाजूला ठेवलं. गोधडीत तोंड खुपसून ती हमसून हमसून रडली.

मग तिला घास आठवला. त्यांच्या गावात गोधडी उपाशी शिवत नसत. गोधडीच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवायचा आणि मगच शेवटचा टाका घालायचा. गेलेल्या माणसाची लुगडी असली, तर तुकडा त्याच्या शेवटच्या ताटातला. आणि आईच्या शेवटच्या ताटात वैजयंताचीच भाकरी होती, आयुष्यातली पहिली! ही गोष्ट तिने किती जणींना कौतुकाने सांगितली असेल. आप्पा बाजाराला गेलेले, आई रानात. पोरीने कोपऱ्यातल्या डब्यातली ज्वारी जात्यावर दळली आणि वेड्यावाकड्या दोन भाकरी थापल्या. त्या गुलाबी झाल्या. "लेकीची पहिली भाकर आईची," म्हणत आईने तिला त्या भाकरींना हात लावू दिला नाही. कोरभर तुकडा उरेपर्यंत आई एकटीच खात राहिली होती.

तिने यंत्र गोधडीच्या मधोमध आणलं. तुकडा तिथे होता, वाळून पापुद्रा झालेला. पडद्यावर ओळी आल्या.

ज्वारी. मीठ. पेरणीच्या बियाण्याला चोळायचं कीडनाशक, रंगासह. मात्रा प्राणघातक.

तिने पुन्हा यंत्र फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात उचलेना. तो डबा बियाण्याचा होता. ज्वारी लाल दिसली होती आणि नऊ वर्षांच्या पोरीला ती फार आवडली होती. भाकरी कडू लागली असणार. पण लेक हिरमुसेल म्हणून आईने ती गोड मानून संपवली होती.

आणि आप्पांना ते ठाऊक होतं. पेरणीला रिकामा डबा पाहिला, तेव्हाच त्यांना उमगलं असणार. त्या घासावर लेकीने रोज निजू नये म्हणून गोधडी घरातून गेली. गावाची पटकी त्यांनी तशीच चालू दिली, लेकीचे टोमणे ऐकले आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. वैजयंताला स्वतःची शिसारी आली.

"वैजू, का रडतीस गं?"

भिंत धरत आप्पा दारात आले होते. तिने घाईने अहवाल पुसून टाकला. गोधडीच्या फाटक्या कडेतून हिरवं इरकल डोकावत होतं. आप्पांची नजर तिथे गेली आणि तिथेच खिळली.

"ही कुठनं आनलीस?"

"लिलावातून."

"त्या यंत्रात घातलीस?"

"नाही आप्पा," ती म्हणाली. "अजून नाही."

आप्पांचा जीव भांड्यात पडला. "मग नगंच घालूस. तुज्या आईचीच हाय, म्या वळखली. तिची चिरफाड नगं. नुसती अंगावर घे."

ते कष्टाने खाली वाकले. त्यांनी गोधडी उचलली, लेकीच्या खांद्यांवर टाकली आणि गळ्याशी नीट गुंडाळली. वैजयंता दगडासारखी बसून राहिली. त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कितीतरी वर्षांनी मोकळं हसत विचारलं,

"ऊब लागतीया का गं, बाय?"