चार वाजताची चिमणी

शटर खाली आलं तेव्हा पुंजाच्या तोंडात वड्याचा अर्धा घास होता. तो त्याने तसाच गिळला.

"पोलीस येईपर्यंत कुलूप निघणार नाही," धनराजशेठ म्हणाले. आपोआप वाजणाऱ्या वाद्यांचं हे संग्रहालय त्यांचंच. "शकीलाताई, त्याआधी सापडली तर बघा."

"पोलीस कुठवर आलेत?"

"द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेत."

"मग वेळ आहे," गुप्तहेर शकीला म्हणाली.

पुंजा तिचा मदतनीस. विंचूरच्या उघड्या रानात वाढलेला. इथे मात्र खिडक्यांना गज होते, गजांना जाळ्या होत्या. "लय कोंदट हाय, मॅडम," त्याने कॉलर सैल केली.

गेलं काय? चिमणी. वरच्या दालनातली, पितळी पिंजऱ्यातली, चावी दिली की चोच हलवून गाणारी. उन्हाने पिसांचा रंग उडतो म्हणून बारा वाजता तिच्यावर कापडी खोळ चढे. चारला राखणदार उमर खोळ न काढताच तळाची चावी फिरवी. चिमणी गायली की खाली सगळ्यांचा चहा. तसा शिरस्ताच होता.

आजही ती गायली. उमर खाली आला. चहा झाल्यावर शेठ वर गेले, खोळ काढली. पिंजरा रिकामा. सगळ्यांची झडती झाली. काही नाही.

*

उमर. पांढरी दाढी, हातात अजून पुसायचं फडकं.

"चारला वर कोण होतं, चाचा?"

"मी एकटाच. खोटं कशाला सांगू?" तो खिडकीकडे बघत राहिला. "ताई, उद्या सटाण्याहून माझ्या माहेनूरला बघायला पाहुणे येताहेत. मी पोलिसांच्या गाडीत दिसलो तर ते दारातूनच मागे फिरतील."

*

तेजस्विनी. लोकांना वाद्यांची माहिती सांगणारी.

"मी जेवण झाल्यापासून खालीच होते, शेठजींसमोर. चिमणी छान गायली हो आज. मागे सर्दी झाल्यासारखी गायची. शेखरदादांनी तळ उघडून दुरुस्त केली."

*

शेखर. वाद्यांचा कारागीर.

"दुपारी मी वरच होतो, ऑर्गनला तेल देत. साडेतीनला खाली आलो तो खालीच. आणि चारला चिमणी गायली, सगळ्यांनी ऐकली. गायली म्हणजे होती. पुढचं तुम्हीच समजा."

*

पुंजाला समजलं होतं. बिचारा उमर. छातीवरचं ओझं हलवायला म्हणून त्याने वरच्या दालनातल्या, पिंजऱ्याशेजारच्या पाइपांच्या ऑर्गनचा दांडा फिरवला. सूर घरंगळत निघाले, आणि मधेच एक खर्जातला गायब. पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच खड्डा.

"पुंजा, मोडशील!" शेठ ओरडले.

"सकाळी तर नीट वाजत होता," तेजस्विनी म्हणाली.

"जुनं यंत्र आहे, एखादा सूर दबतो," शेखर घाईने म्हणाला.

खाली शटरवर थाप पडली. पोलीस.

"दोन मिनिटं," शकीला म्हणाली. तिने रिकाम्या पिंजऱ्यावर खोळ चढवली, हात खाली घालून चावी फिरवली.

चिमणी गाऊ लागली.

पुंजाचा जबडा खाली आला. शकीलाने खोळ ओढली. पिंजरा रिकामाच, आणि गाणं चालूच.

"गाणं तळातल्या भात्यातून आणि शिट्टीतून येतं. चिमणी नुसती चोच हलवते. म्हणजे चारच्या गाण्याने एवढंच कळतं की पिंजरा जागेवर होता. चिमणी बारानंतर कधीही गेली असेल. उमरचाचांनी रिकामा पिंजरा वाजवला, रोजच्यासारखा, खोळ न काढता."

"अरे देवा," शेठ पुटपुटले. "मलाही हे माहीत नव्हतं."

"तुम्हाला नव्हतं, तेजस्विनीला नव्हतं. पण ज्याने तळ उघडून दुरुस्ती केली त्याला होतं. तरी तोच मला सांगतो, गायली म्हणजे होती. शेखर, चुकून बोललास म्हणू?"

शेखरची नजर ऑर्गनकडे गेली.

"बारा ते साडेतीन वर एकटा तूच होतास. पिशवीत ठेवली असती तर झडतीत सापडली असती. म्हणून गडबड निवेपर्यंत ती इथेच ठेवलीस. पुंजा, न वाजणारा पाइप कुठला?"

पुंजाने सगळ्यात जाड पाइपात हात घातला. चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी मऊ हाताला लागलं.

"गिऱ्हाईक ठरलं होतं," शेखर भिंतीशी बसत म्हणाला. "शेठ विकायला तयार नव्हते."

शटर वर गेलं. धुराची, डिझेलची हवा आत आली. पुंजाने ती अत्तरासारखी ओढून घेतली.

"उमर," शेठ अडखळले, "मी तुझी झडती…"

उमरने चिमणी पिंजऱ्यात बसवली, खोळ चढवली, कडा नीट केल्या. मग फडकं घडी करून शेठच्या हातात दिलं.

"उद्या चारला चावी तुम्ही द्या, शेठ. मी घरी पाहुण्यांना चहा देत असेन."