निर्मोही जातीची शेळी

निर्मोही जातीची शेळी ओळखायला सोपी. अंग पांढरंशुभ्र, कान लोंबते, दूध दिवसाला चार लिटर. आणि तिचं करडू तिच्या डोळ्यांदेखत उचलून नेलं तरी रवंथ थांबत नाही. हे शेवटचं लक्षण पशुसुधार केंद्राने फलकावर ठळक अक्षरांत छापलं होतं, कारण बक्षीस त्यालाच मिळालं होतं.

छबूबाई बिडगरच्या गोठ्यात अशा बारा होत्या. जुन्या शेळ्यांचं तिला भारी कौतुक होतं, अशातला भाग नाही. करडू विकलं की त्या तीन दिवस ओरडायच्या, वर पान्हा चोरायच्या. धार काढायला बसावं तर कास दगडासारखी. निर्मोही आल्या आणि गाव निवांत झालं.

केंद्राच्या डॉक्टर टेंभेकरांनी यामागचं शास्त्र गावाला समजावलं होतं. शेळी व्याली की करडाला चाटते, हुंगते. त्या तासाभरात तिच्या मेंदूतलं एक दार उघडतं, करडाचा वास आत शिरतो, दार बंद होतं. झालं, जन्माची ओढ बसली. केंद्राने शेळीच्या जनुकांत असा फेरफार केला की तिचं शरीर एक प्रथिन तयार करायचं, आणि ते प्रथिन हे दार उघडूच देत नसे. कागदोपत्री त्याचं नाव ओढरोधक. गाव त्याला 'विसर' म्हणायचं.

छबूबाईची लेक तेजल सातव्या महिन्यात माहेरी आली. सकाळ-संध्याकाळ गोठ्यातलं पेलाभर दूध पाजण्यात छबूबाईने कसूर केली नाही. मुलगी झाली. नवव्या दिवशी ती पाळण्यात रडून लालबुंद झाली होती, आणि तेजल शेजारीच बसून मेथी निवडत होती.

"पोर रडतंय गं."

"हो, ऐकू येतंय," तेजल म्हणाली आणि एक पिवळं पान बाजूला काढलं.

तब्येत खणखणीत, जेवण नीट, बोलणं हसतमुख. वेळ झाली की पोरीला पाजायची, पाजून झालं की ठेवून द्यायची, फडताळात भांडं ठेवावं तशी. छबूबाईने दूध बंद केलं. महिना गेला, फरक नाही. उलट पोरीनेच रडणं सोडलं. मग छबूबाई नातीला पदराखाली घेऊन तडक केंद्रावर गेली.

टेंभेकरांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला. माणूस सभ्य. ओढरोधक दुधात उतरतं आणि पोटात गेलं तरी पचत नाही, हे केंद्राला तिसऱ्याच वर्षी कळलं होतं, असं त्यांनी काही न लपवता सांगितलं.

"मग बंद का नाही केलं?"

"करणारच होतो, मावशी. पण मागणी वाढली."

मागणी औद्योगिक वसाहतीतून आली होती. तिथले कारखाने गरोदर कामगारणींना हे दूध फुकट वाटत होते. बाया बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी कामावर हजर; आपल्या पायांनी, रजा शिल्लक असताना. योजनेचं नाव मातृकल्याण.

"माझ्या लेकीचं दार आता कधी उघडायचं?"

"ते बाळंतपणातच उघडतं. पुढच्या खेपेला दूध देऊ नका."

"आणि ही? हिला पुन्हा जन्माला घालू का?"

टेंभेकरांनी तक्रारीचा कागद पुढे ओढला. लेकीला काही त्रास? नाही. बाळाला? छबूबाईला नाहीच म्हणावं लागलं.

"कापून टाकते सगळ्या, बाराच्या बारा," ती म्हणाली.

"कापा. तालुक्यात चाळीस हजार आहेत."

"मग लिहा. छबूबाई बिडगर, आजी. मला त्रास होतो. लिहा, साहेब."

त्यांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवून अगदी मनापासून धीर दिला. तिची ओढ तेजलच्या जन्माची, पार मुरलेली. ती आता कशानेच जायची नाही, याचं त्यांना खरोखर वाईट वाटत होतं.

"पण तुम्ही काळजी करू नका, मावशी. अशा तक्रारी फक्त आज्यांच्या येतात. वीस-पंचवीस वर्षांत आपोआप थांबतील."

छबूबाईने नातीला छातीशी धरलं, इतकं घट्ट की दुसरं कुठलंही पोर कळवळून रडलं असतं.