आधी कुलूप वाचायचं

चौदा वर्षांच्या संसारात ती दोघं कधी फिरायला म्हणून गावाबाहेर पडली नव्हती. याचं खापर ती नवऱ्यावर फोडायची आणि नवरा दुकानावर. दुकान कुलूप-किल्ल्यांचं होतं, तिच्या वडिलांचं. नवरा तिथे कारागीर म्हणून आला आणि जावई होऊन बसला. अडलेली कुलपं उघडण्यात मात्र तिचाच हात चालायचा, आणि हे तो गिऱ्हाइकांसमोरही खुशाल कबूल करायचा. असे नवरे फार नसतात. तिलाही ते ठाऊक होतं, पण तोंडावर कधी सांगितलं नव्हतं.

शेवटी एका गुरुवारी शटर ओढून दोघं समुद्रकाठच्या त्या शहरात उतरली. सकाळी लख्ख ऊन होतं. दीपस्तंभ पाहून होईतो आभाळ भरून आलं. मासळीबाजारात पाऊस, बाहेर पडताच पुन्हा ऊन. नवऱ्याची छत्री उघड-मीट करून मेटाकुटीला आली.

"या शहराला सासूबाई भेटल्यात," तो म्हणाला. "घडीत हसायचं, घडीत रुसायचं."

"माझ्या आईबद्दल बोलायचं काम नाही," ती म्हणाली, आणि हसली.

दुपारी समुद्राच्या भिंतीवर एका टपरीत चहा घेतला. चहावाली बोलघेवडी होती. पायऱ्या उतरून खाली जायला हरकत नाही म्हणाली, "पण वारा पडला की लगेच वर या. खालच्या दाराशी रेंगाळू नका." का, ते तिने सांगितलं नाही, आणि यांनीही विचारलं नाही.

अर्ध्या पायऱ्या उतरल्यावर नवऱ्याच्या लक्षात आलं की छत्री टपरीतच राहिली. "तू हो पुढे, आलोच," म्हणून तो परत वर गेला. ती एकटीच खाली उतरली.

भिंतीच्या पोटात दगडी कमान होती आणि कमानीत लोखंडी दार. दाराला बाहेरून कडी, कडीला मुठीएवढं पितळी कुलूप. ती पाहते आहे तोच वारा पडला. लाटांचा आवाजही दूर गेल्यासारखा झाला. कुजलेल्या शेवाळाचा वास आला. मग एकदम आभाळ फाटलं. ती अंग चोरून कमानीत शिरली.

तेव्हा दारावर आतून टकटक झाली. दोन आणि थोडं थांबून एक.

ती नवऱ्याची टकटक होती. रात्री उशिरा कामावरून आला की तो घराचं दार असंच वाजवायचा, परका कोणी नाही हे तिला कळावं म्हणून. चौदा वर्षं ती त्या टकटकीला झोपेतून उठत आली होती.

"अगं…" आतून आवाज आला. "मी अडकलोय. पाणी चढतंय इथे…"

"तुम्ही आत कसे गेलात?"

"वरून वाट होती… पडलो. लवकर कर ना."

तिने कुलूप हातात घेतलं. वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट एकच होती. आतून कुणी कितीही टाहो फोडू दे, आधी कुलूप वाचायचं. गंज किती, भोकाशी ओरखडे कधीचे, आत काय साचलंय, यावरून ते कुणी आणि केव्हा शेवटचं लावलं ते कळतं. मग ठरवायचं, उघडायचं की नाही.

तिने वाचलं. किल्लीच्या भोकात मीठ दगडासारखं बसलं होतं, थरावर थर. वीस वर्षं तरी या कुलपाला कुणी हात लावला नव्हता. बोटांना ते स्वच्छ कळलं. पण आत तिचा नवरा बुडत होता. तिने केसांतला आकडा काढला, मीठ टोकरलं आणि कुलूप उघडलं. त्यात तिचं बोट फाटलं.

दार उघडताच तो तिच्या अंगावरच आला. तिचा जीव भांड्यात पडला. तो कोरडा ठणठणीत होता. पाणी चढत होतं तर हा कोरडा कसा, असा विचार तिच्या मनात पुरता यायच्या आधीच पायऱ्यांवरून हाक आली.

"अगं, सापडली एकदाची छत्री…"

पायऱ्यांवर तिचा नवरा उभा होता. भिजलेला, धापा टाकत. त्याने कमानीतल्या माणसाकडे पाहिलं आणि छत्री त्याच्या हातातून सुटली.

"हा कोण?" दोघांनी एकाच वेळी विचारलं.

मग कमानीतला त्याच्यावर तुटून पडला. दोघं पायऱ्यांवरून गडगडत पावसात गेले, आणि क्षणात दोघंही सारखेच भिजले. शर्ट तोच, चेहरा तोच. एकाने दुसऱ्याचं डोकं पायरीच्या कडेवर आपटलं, पुन्हा आपटलं. एक दात उडून तिच्या चपलेपाशी पडला. एकाचा अंगठा दुसऱ्याच्या डोळ्यात शिरत होता आणि दोघं एकाच आवाजात किंचाळत होते. रक्त पावसात मिसळून पायऱ्यांवरून ओघळत होतं. कुणाचं ते तिला सांगता आलं नसतं. ती ओरडत राहिली, थांबा, अहो, थांबा. कुणीच थांबलं नाही.

शेवटी एक खाली राहिला, आणि दुसरा छातीवर बसून त्याचा गळा आवळू लागला. खालच्याचा चेहरा निळा पडला. त्याचा हात दगडावर आपटला. दोन आणि एक. पुन्हा, दोन आणि एक.

तिने पितळी कुलूप उचललं आणि वरच्याच्या कानशिलात घातलं. एकदा नाही, तीनदा. हाड मोडल्याचं तिच्या कोपरापर्यंत जाणवलं. तो भेलकांडत कमानीत गेला, दाराच्या आत पडला. पडताना त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता अचंबा होता. एकदा दुकानात गल्ला बंद करताना तिच्याकडून त्याचं बोट चिमटलं होतं, तेव्हा त्याने असंच पाहिलं होतं. पण तेवढा विचार करायला सवड नव्हती. मोठी लाट आली, दार आपटलं, तिने कडी घातली आणि कुलूप दाबलं. अशा कुलपाला लागताना किल्ली लागत नाही.

आतून टकटक सुरू झाली. ती नवऱ्याच्या काखेत हात घालून पायऱ्या चढू लागली. वाटेत त्याने पडलेली छत्री उचलून घेतली.

वर ऊन पडलं होतं. चहावालीने काही न विचारता टॉवेल दिला. नवरा बाकावर बसला, तिच्याकडे बघून ओशाळं हसला. "जाऊ आता घरी," म्हणाला. "दुकान उघडायला हवं."

ती त्याच्या कानामागचं रक्त पुसत होती. टॉवेलला काहीतरी खरखरीत लागलं. कानात पांढरं काही होतं. समुद्राचं पाणी गेलं असेल म्हणून तिने आकड्याने हलकेच टोकरलं. ते हललं नाही. दगडासारखं बसलं होतं, थरावर थर.

तिच्या बोटांना ते लगेच कळलं. मघाशी हेच मीठ तिने टोकरलं होतं. वीस वर्षांचं.

ती खाली पळाली. पायऱ्यांवर दोनदा पडली, गुडघे फुटले. दारावर टकटक चालू होती, पण आता हळू, दमलेली.

"अहो, मी आलेय… उघडते… चुकले हो मी, उघडते…"

"अगं…" आतून एवढंच आलं. मग खोकला, आणि पाण्याचा आवाज.

तिने कुलूप धरलं. ते हिरवं पडून कडीशी एकसंध झालं होतं. भोक मिठाने गच्च भरलेलं. आकड्याचा एक ओरखडा नाही, कानशिलाचं रक्त नाही, एक केस नाही. तिचं फाटलेलं बोट अजून वाहत होतं, आणि कुलूप सांगत होतं की वीस वर्षांत त्याला कुणी शिवलेलंच नाही. तिने आकडा घातला. तो मोडला. दुसरा घातला, तोही मोडला. मग ती नखांनी खरवडू लागली.

पुन्हा पाऊस आला. तो तिच्या अंगावर पडेना, म्हणून तिने वर पाहिलं. मागे तो उभा होता, तिच्यावर छत्री धरून. स्वतः भिजत होता, तिचा नवरा नेहमी भिजायचा तसा.

"वाचलंस ना?" तो मायेने म्हणाला. "तुझे वडील काय सांगायचे? वीस वर्षांचं बंद कुलूप आहे. आत कोण असणार?"

दारावर आतून टकटक झाली. दोन आणि एक.

छत्रीच्या दांड्यावर त्याचं बोट त्याच वेळी वाजत होतं. दोन, आणि थोडं थांबून एक.