लाल गाडीचा निसटलेला पाइप

मला पाहायला निघालेला मुलगा रस्त्यातच बाभळीखाली शीळ घालत बसलेला सापडेल, असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण झालं तसंच. दिवाळी नुकतीच सरली होती, शेतांत कापूस फुटला होता, आणि आईने मला मळ्यातून कढीपत्ता आणायला पिटाळलं होतं. पाहुण्यांच्या पोह्यांत कढीपत्ता नसला तर म्हणे अख्ख्या तळेगावात आमचं नाक कापलं जाणार होतं.

परतताना सायकल वळणावर आली आणि ती दिसली... लाल, बुटकी, दोनच माणसं मावतील अशी जुनी इंग्रजी स्पोर्ट्स गाडी. मला पाहायला येणाऱ्या पुलगावच्या सदाशिवच्या आजोबांनी ती कुण्या गोऱ्या साहेबाकडून घेतली होती. त्याच्या मामांनी, बंडूजींनी, स्थळ सांगताना मुलापेक्षा गाडीचंच कौतुक जास्त केलं होतं. मामा एसटीने पुढे येऊन आमच्या ओसरीवर बसलेसुद्धा होते. आणि नवरदेव इथे!

बॉनेट उघडं. रेडिएटरचा रबरी पाइप एका टोकाने लोंबकळत होता. बाभळीखाली बसलेल्या सदाशिवच्या पांढऱ्या शर्टावर गंजाच्या पाण्याचा भलामोठा डाग. मी मळ्यात जायचं म्हणून जुनेर नेसलेली, पदर खोचलेला. त्याने मला ओळखलं नाही.

"काय झालं जी?" मी विचारलं.

"पाइप निसटला," तो म्हणाला. "आता गाडी काई हालत नाई." चेहऱ्यावर दुःख तर औषधालाही नव्हतं.

मी वाकून पाहिलं. आमच्या विहिरीवरच्या इंजिनाचा पाइपही असाच रुसून बसतो, त्याची समजूत काढायची कामगिरी माझ्याकडेच असते. "पाइप निसटते, मान्य. पन त्याच्यावरची क्लिप कुठं गेली?"

"पडली असन."

"आन् तुमच्या खिशातला हा स्क्रू काढाचा पेचकस? तो बी पडता पडता खिशात गेला काय?"

त्याने खिशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं... आणि त्याचे कान लालभडक झाले. मग तो असा मोकळा हसला, की मलाही हसू आवरेना. पण मी आवरलं. माझं डोकं तापलं होतं.

"कोनाले सांगू नका," तो म्हणाला. "पोरगी पाहाले चाललो होतो. मले जायचं नाई म्हून मीच काढला. पानी गरम होतं, अंगावर उडालं."

"काऊन? पोरगी खराब हाये?"

"मले काय मालूम? फोटो बी नाई पाह्यला मी." त्याने लोंबता पाइप बोटाने ढकलला. "मागच्या खेपेले मामानं एका पोरीले चालून दाखव म्हटलं. ती चालली... आन् आमी सारे पाहून राह्यलो, जसा बैल बाजार. मले घास गिळला नाई त्या दिवशी."

माझा राग अर्धा तिथेच गळाला. मीही चालून दाखवलं होतं. सुई ओवून दाखवली होती. मला मात्र कोणी कधी विचारलं नव्हतं, की बाई, तुला तरी कोणी आवडलं का? पण उरलेला अर्धा राग शाबूत होता. घरी बापूजी ठेवणीतला कोट घालून सकाळपासून दारात उभे होते.

"तुमी नाई गेले तं बोल कोनाले लागन?" मी म्हटलं. "पाहुणा वाटेतूनच परतला म्हनजे पोरीतच खोट, असंच म्हनन गाव. तिच्या बापानं तोंड कुठं लपवाचं?"

"हे मले सुचलंच नाई," तो हळूच म्हणाला.

"क्लिप कुठं फेकली?"

"त्या तुरीत."

मग आम्ही दोघं तुरीत शिरलो. पिवळी फुलं अंगाखांद्यावर झडत होती. क्लिप काही सापडेना. एकदा त्याने हात पुढे केला, मागे घेतला. "तुमच्या केसात... फूल हाये."

"राहू द्या," मी म्हटलं, आणि उगाचच पलीकडच्या ओळीत गेले.

शेवटी मी सायकलच्या पिशवीतून जुनी ट्यूब काढली, विळ्याने तिची लांब पट्टी कापली. त्याने पाइप जागेवर बसवून धरला, मी पट्टी गुंडाळत गेले. "वढा. अजून वढा." बोटं बोटांना लागत होती, आणि दोघांनाही ते कळत होतं. गाठ बसली. तुरीच्या शेतातल्या विहिरीवरून बादली आणून त्याने रेडिएटरमध्ये पाणी ओतलं. एक थेंब गळला नाही.

"ते पोरगी तुमच्यासारखी असती," तो गाडीकडे पाहत म्हणाला, "तं मी पाइप कायले काढला असता?"

"मंग तिलेच सांगा न हे."

"वळखता काय तिले?"

"वळखते थोडीशी. रागीट हाये. नलू नाव तिचं."

"आन् तुमचं?"

मी पिशवी हँडलला अडकवली. "तेच."

त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. वाटलं, आता माफी मागेल, काहीतरी सारवासारव करेल. पण तो सरळ समोर आला. "मंग इथंच इचारतो. मी पसंत हावो का तुमाले?"

किती वाट पाहिली होती या प्रश्नाची! "चारचौघांत इचारा," मी कसंबसं म्हटलं. "धमक असन तं." आणि सायकल अशी दामटली, की थेट घर गाठलं.

पोह्यांचं ताट घेऊन मी बैठकीत आले तेव्हा तो तसाच डागाळलेल्या शर्टात बसला होता. मामांनी घसा खाकरला. "बाई, जरा चालून—"

"मामा, ते नको," सदाशिव म्हणाला. "मले पसंत हाये. आता त्यायले इचारा, मी पसंत हावो का."

आई दाराआडून पुढे डोकावली. माझी साडीसुद्धा आजवर स्वतःच निवडणारे बापूजी माझ्याकडे वळले, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "नलू... बेटा, तुले काय वाटते?"

ताट खाली ठेवलं. "मले पसंत हायेत, बापूजी," मी म्हटलं. "पन गाडी मी बी चालवीन."

मामांचा पोह्यांकडे निघालेला हात तिथेच राहिला. सदाशिवने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि पोह्यांच्या ताटाशेजारी, माझ्या बाजूला ठेवली.