हिराची फ्री किक

पवनानगरला वडापची, माणशी भाड्याची जीप थांबली की माणसं आपापली पिशवी घेऊन पसार होतात. टपावरचा माल उतरवायचा म्हटलं की एकाचाही हात रिकामा नसतो. त्या दिवशीही हिरा टपावर कमरेला पदर खोचून उभी, आणि खाली उरलेला एकच माणूस. उंच, सावळा, पायात चप्पल नाही.

"ओ भाऊ, जरा धरता का?"

भाऊ म्हणाली खरं. पुढं त्याची तिला फार चुटपुट लागली, पण तेव्हा काय माहीत.

"टाका," तो म्हणाला.

तिनं कांद्याची पिशवी टाकली, ब्लँकेटचे गठ्ठे टाकले, कोबीचं गाठोडं टाकलं. झाडावरचं फूल उतरवावं तसं तो एकेक घेत होता, कशाचा आवाज नाही. हिराला मग खोडी सुचली. शेवटची कोथिंबिरीची जुडी तिनं मुद्दाम उंच फेकली, त्याच्या उजव्या अंगाला. त्याचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. जुडी धुळीत.

"एवढं गठ्ठं धरलं, अन् कोथिंबीर सुटली?"

"उजवीकडं वर आलं की सुटतं. तेवढी जागा सोडून टाकत जा."

"म्हंजी रोज धरणार?"

"तुम्ही रोज टाकणार असाल तर…"

ज्याची कोथिंबीर होती तो दुकानदार बजरंग दुकानातून मधेच बोलला, "अगं हिरे, भारताचं गोल राखलंय त्यानं. आपला आदिनाथ."

तर तो आदिनाथ. धरणाचं पाणी मागं सरलं की काठाला जी वाळू उघडी पडते, तिथं दोन दगड मांडून शिकला. वाळूतला फुटबॉल, अनवाणी खेळायचा. राज्याच्या संघात गेला, तिथून देशाच्या. आखाती मुलखात सामने झाले तेव्हा वाळू इतकी तापायची की मैदानावर आधी पाण्याचा पाइप फिरवायचे. एका सामन्यात त्यानं एकोणीस चेंडू अडवले, तरी अकरा गेले. पेपरात नाव आलं, तेही आडनाव चुकवून. क्रिकेटात त्याच्या निम्मं केलं असतं तर गावानं कमान उभारली असती. याला विचारायचे, "वाळूत खेळता, मग किल्ला पण बांधता का?" पाच वर्षं खेळला. मग एका उडीत खांदा निखळला, बसवला, पुन्हा निखळला. एकोणतिसाव्या वर्षी खेळ संपला. आता धरणाकाठच्या कॅम्पवर वाळू आणून मैदान केलंय, तिथं पुण्याहून सहलीला आलेल्या मऊ पायांच्या साहेबांना तो खेळवतो.

हे सगळं हिराला एका दमात नाही कळलं. औंढ्याची हिरा, बापाचे गुडघे गेल्यापासून लोणावळा ते पवनानगर जीप तीच चालवते. आदिनाथ रोज माल धरायला यायचा, कधी लोणावळ्यापर्यंत पुढच्या सीटवर बसायचा. गिअर टाकताना तिचा हात त्याच्या गुडघ्यापाशी जायचा आणि तो गुडघा आक्रसून घ्यायचा.

"एवढं काय अंग चोरता? चावते का मी?"

"गाडी तुमची. अडचण नको."

"करंगळी अशी वाकडी कशी?"

"चेंडू लागला."

"अन् ही?"

"तोही चेंडूच."

"सरळ काय राहिलंय का तुमचं?"

"नजर," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. पुढचं वळण हिरानं जरा मोठंच घेतलं.

पाच महिने असे गेले. दोघंही हुशार, पण बोलेना कुणी. शेवटी हिराच्या आईनं लीलाबाईला, म्हणजे हिराच्या मावशीला, आदिनाथच्या घरी पाठवलं. लीलाबाई चहा पिऊन आली आणि ओट्यावर बसत म्हणाली, "न्हाई म्हणाले. जीप चालवणारी सून नको."

हिरा त्या रात्री जेवली. भाकरी अर्धी जास्तच खाल्ली, कारण तिला कुणी विचारलेलं नको होतं.

दुसऱ्या दिवशी पवनानगरहून परतताना तिनं भरली जीप कॅम्पपाशी थांबवली. मैदानात आदिनाथ एकटाच वाळू सारखी करत होता.

"जीप चालवते म्हणून नको झाले का मी?"

त्यानं फावडं ठेवलं. "आई म्हणाली ते. कारण काढलं तिनं."

"मग न्हाई कोण म्हणालं?"

"…मी."

मग तो सांगायला लागला. "खांदा कधीही निखळेल म्हणतात डॉक्टर. तुझ्या टपावरचं पोतंसुद्धा उचलवणार नाही मला."

"पोतं उचलायला हमाल बघीन. त्यासाठी लगीन कशाला करू?"

त्याला खेळातलं तेवढं सुचलं. "चूक झाली माझी. आमच्यात ज्याला पाडलं, त्यालाच फ्री किक मिळते. दुसऱ्यानं मारलेली चालत नाही. आणि मधे भिंतही लावत नाहीत."

"मग लीलामावशीला धाडलं, तितंच चुकलं," हिरा म्हणाली आणि चपला काढल्या. "जावा, उभं राहा गोलात. मुद्दाम सोडलात तर पुन्हा तोंड दावणार न्हाई."

तो गोलातून सांगत गेला तसा तिनं वाळूचा लहानसा ढीग रचला, वर चेंडू ठेवला आणि मारला. चेंडू त्याच्या डाव्या अंगाला आला, जमिनीलगत. आदिनाथ पडला आणि चेंडू छातीशी धरून उठला. तोंड असं, जणू सामना हरलाय.

"अडवला," तो म्हणाला.

"दिसलं. आता?"

"आता चार सेकंदांत टाकून द्यायचा."

"मग द्या."

तो तसाच उभा राहिला. वाळू हनुवटीला चिकटलेली.

"पाच झाले," हिरा म्हणाली. "सहा… न्हाई टाकला तर?"

"तर पुन्हा तुझी किक."

"कवर धरून ठिवणार?"

"तू विचारीपर्यंत."

हिरानं पाय वाळूत घट्ट रोवले. "लगीन करता का माझ्याशी?"

"करतो."

"खांदा?"

"आहे तसा घे."

रस्त्यावर हॉर्न वाजला. पुढच्या सीटवरून रखमाजी आबांनी डोकं बाहेर काढलं होतं. "हिरे, व्हय म्हणला का न्हाई, तेवढं सांग. डाक्टर दोनला उठून जातो लोणावळ्यात."

"व्हय म्हणला, आबा."

"मग चल की."

आदिनाथ पुढं बसायला आला, पण आबा काही जागा सोडेनात. त्यांचं म्हणणं, अजून लगीन लागलं न्हाई. तेव्हा जावई मागं, बटाट्याच्या पोत्यावर बसून, सासूला भेटायला औंढ्याला निघाला.